प्रतिक्षिप्त क्रिया आणि उपजत वर्तन : सीमारेषा नेमकी कोठे आखावी?

प्रश्न : विज्ञानशिक्षिका_पंचवटी

नमस्कार. मी नाशिकमधील एका मराठी माध्यमाच्या शाळेत विज्ञान शिकवते. नियंत्रण आणि समन्वय हा भाग शिकवताना वर्गात एक प्रश्न निघाला. त्याचे समाधानकारक उत्तर मला मार्गदर्शक पुस्तकांत मिळाले नाही, म्हणून तो येथे मांडत आहे.

तापलेल्या तव्याला बोट लागताच हात मागे येतो ती प्रतिक्षिप्त क्रिया, आणि सुगरण पक्षी कोणी न शिकवता खोपा विणतो ते उपजत वर्तन, असे मी फळ्यावर लिहिले होते. त्यावर एका विद्यार्थिनीने विचारले की या दोन्ही गोष्टी शिकाव्या लागत नाहीत, दोन्ही त्या त्या जातीच्या सर्व प्राण्यांत जवळपास सारख्याच आढळतात आणि दोन्ही विचार न करता घडतात, तर मग त्यांना दोन वेगळी नावे कशासाठी? पहिली साधी असते आणि दुसरे गुंतागुंतीचे असते, हे नेहमीचे उत्तर मी दिले. ती म्हणाली की शिंकताना छाती, पोट, घसा आणि चेहरा येथील कितीतरी स्नायू ठरावीक क्रमाने काम करतात, तरी शिंक प्रतिक्षिप्तच. उलट कोंबडीचे पिल्लू जमिनीवरचा दाणा टिपते ती हालचाल इतकी साधी असूनही तिला उपजत वर्तन म्हणतात. तिच्या या म्हणण्यात मला काही चूक दिसली नाही.

तेव्हा माझे म्हणणे असे की, साधे आणि गुंतागुंतीचे हा निकष सोडून दिला तर दुसरा कोणता निकष वापरावा? आणि उपजत वर्तन म्हणजे एकापुढे एक जोडलेल्या प्रतिक्षिप्त क्रियांची साखळी, असे शिकवले तर ते शास्त्रीयदृष्ट्या बरोबर ठरेल काय? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे. मला हे वर्गात पुन्हा मांडायचे आहे.

उत्तर : प्राणिशास्त्र_निवृत्त

मॅडम, आपल्या विद्यार्थिनीला माझी शाबासकी कळवा. साध्या-गुंतागुंतीचा निकष टिकत नाही हे तिने ज्या उदाहरणांनी दाखवले, ती उदाहरणे पदवीच्या वर्गातही सहसा कोणी काढत नाही.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करतो. प्रतिक्षिप्त क्रिया आणि उपजत वर्तन या परस्परविरोधी गोष्टी नाहीत. जन्मजात असणे हा गुण दोघांतही आहे, त्यामुळे 'शिकावे लागते की नाही' हा प्रश्न विचारून त्यांच्यात फरक करताच येणार नाही. मार्गदर्शक पुस्तकांत दोन रकाने समोरासमोर छापलेले असतात आणि त्यामुळे मुलांचा असा समज होतो की एका रकान्यातील गोष्ट दुसऱ्यात असूच शकत नाही. फरक शोधायचा तो ती हालचाल कशामुळे सुरू होते, कशामुळे चालू राहते आणि प्राण्याच्या शरीराच्या आतील स्थितीवर ती कितपत अवलंबून असते, या तीन ठिकाणी.

प्रतिक्षिप्त क्रियेचा मार्ग ठरलेला आणि बहुधा आखूड असतो. गुडघ्याच्या वाटीखालच्या कंडरेवर, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या पट्ट्यावर, हलका ठोका मारला की मांडीचा स्नायू ताणला जातो, त्या ताणाची वार्ता संवेदी चेतापेशी मेरुरज्जूपर्यंत (पाठीच्या कण्यातील चेतारज्जूपर्यंत) नेते, तेथे ती थेट प्रेरक चेतापेशीला मिळते आणि पाय उडतो. संवेदी आणि प्रेरक पेशी यांच्यामध्ये तिसरी पेशी येथे नसतेच. ठोका पडल्यापासून स्नायू आकुंचन पावू लागेपर्यंत सेकंदाचा विसावा भागही जात नाही. तव्यावरून हात मागे घेताना मात्र मध्ये सहयोगी चेतापेशी असतात, कारण एका बाजूचे स्नायू आखडत असताना विरुद्ध बाजूचे सैल सोडावे लागतात. वेदनेची जाणीव मेंदूत पोहोचते, पण हात हलून गेल्यावर. येथे एक सावधगिरी सुचवतो : 'प्रतिक्षिप्त क्रियेत मेंदूचा सहभाग नसतो' असे सरसकट शिकवू नये. उजेड पडताच बाहुली आकुंचन पावते तो मार्ग मध्यमेंदूतून जातो आणि शिंकेचे नियंत्रण मस्तिष्कस्तंभातून, म्हणजे मेंदूला मेरुरज्जूशी जोडणाऱ्या भागातून, होते. या दोन्ही क्रिया प्रतिक्षिप्तच आहेत.

गुंतागुंतीच्या मुद्द्यावर आपल्या विद्यार्थिनीला आणखी एक पुरावा देता येईल. इंग्लंडचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ चार्ल्स शेरिंग्टन यांनी कुत्र्याच्या खाजवण्याच्या क्रियेचा बारकाईने अभ्यास केला होता. मेरुरज्जूचा मेंदूशी असलेला संबंध तोडलेल्या कुत्र्याच्या पाठीला किंवा कुशीला गुदगुल्या केल्या तरी त्याचा मागचा पाय त्या दिशेने जाऊन सेकंदाला साधारण 4 वेळा या गतीने खाजवू लागतो. उद्दीपन वाढवले तर हालचाल अधिक जोरकस होते, परंतु तिचा ताल फारसा बदलत नाही. घरच्या कुत्र्याच्या पोटावर खाजवल्यावर त्याचा पाय हवेत हलू लागतो ती हीच क्रिया. इतकी तालबद्ध हालचाल केवळ मेरुरज्जू घडवू शकतो, हे त्या काळी अनेकांना नवे होते. शेरिंग्टन यांनी हे काम 1906 मध्ये ग्रंथरूपाने मांडले आणि 1932 चे नोबेल पारितोषिक त्यांना एडगर एड्रियन यांच्यासह मिळाले.

आता उपजत वर्तनाकडे वळू. प्राण्यांच्या वर्तनाचे अभ्यासक कोनराड लोरेंझ आणि निको टिंबर्गन यांनी ग्रेलॅग जातीच्या हंसीवर केलेला आणि 1938 मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग आपल्या प्रश्नावर जितका प्रकाश टाकतो तितका दुसरा कोणताही टाकत नाही, असे मला वाटते. ही हंसी जमिनीवर घरटे करते. अंडे घरट्याबाहेर गडगडले की ती मान लांबवते, चोचीचा खालचा भाग अंड्याच्या पलीकडे टेकवते आणि अंडे हळूहळू आपल्याकडे ओढून घेते. हे ओढणे सुरू झाल्यावर संशोधकांनी अंडे काढून घेतले. तरीही हंसी समोर काहीच नसताना मान मागे ओढत घरट्यापर्यंत आली. पण या प्रयोगाचा दुसरा भाग बहुतेक पुस्तके गाळतात. अंडे ओढताना ते डावी-उजवीकडे निसटू नये म्हणून हंसी चोच सारखी बाजूला हलवून त्याला सांभाळत असते. अंडे काढून घेताच ही बाजूची हालचाल थांबली आणि मान सरळ रेषेत मागे आली. म्हणजे एकाच कृतीत दोन घटक होते. एक घटक क्षणोक्षणी स्पर्शावर अवलंबून होता आणि स्पर्श गेल्याबरोबर संपला. दुसरा घटक स्पर्शाने केवळ सुरू झाला आणि पुढे आपल्याच बळावर शेवटास गेला. या दुसऱ्या घटकाला अभ्यासक निश्चित कृतिबंध म्हणतात. शिवाय हंसी ही कृती अंडी घालण्याच्या आणि उबवण्याच्या काळातच करते. एरवी तेच अंडे तिच्यासमोर ठेवले तर ती त्याकडे लक्ष देत नाही. तवा मात्र कोणत्याही ऋतूत भाजतो आणि हात कोणत्याही ऋतूत मागे येतो.

साखळीच्या प्रश्नाचे उत्तर थोडे गुंतागुंतीचे आहे. उपजत वर्तन म्हणजे प्रतिक्षिप्त क्रियांची साखळी, हे मत विसाव्या शतकाच्या आरंभी फार प्रचलित होते, आणि लोरेंझ स्वतःही आधी तसेच मानत असत. साखळीच्या मताप्रमाणे पहिल्या हालचालीमुळे जी संवेदना निर्माण होते, तीच दुसऱ्या हालचालीला चालना देते. हे खरे असेल तर संवेदना तोडल्यावर वर्तन थांबले पाहिजे. डोनाल्ड विल्सन यांनी 1961 मध्ये टोळावर नेमके हेच तपासले. पंखांकडून येणाऱ्या संवेदी चेता त्यांनी तोडल्या. पंख हलवण्याचा वेग मंदावला, परंतु पंख वर आणि खाली नेणाऱ्या स्नायूंना आळीपाळीने आज्ञा जातच राहिल्या. तो ताल चेतासंस्थेच्या आतच तयार होत होता. तेव्हा 'साखळी' हे सर्वसाधारण स्पष्टीकरण म्हणून शिकवू नये. मात्र काही वर्तनांत पुढचा टप्पा खरोखरच बाहेरच्या नव्या उद्दीपनावर अवलंबून असतो. स्टिकलबॅक माशाच्या प्रणयात नराच्या नागमोडी नाचाला मादी प्रतिसाद देते, तिचे फुगलेले पोट पाहून नर घरट्याकडे वळतो, मादी त्याच्यामागे जाते आणि अशी देवाणघेवाण पुढे चालते. एकाने पाऊल उचलले नाही तर ती तेथेच तुटते.

उत्तर : निफाडचा_पक्षीमित्र

वरील विवेचन अतिशय उपयुक्त आहे. मॅडमनी फळ्यावर सुगरणीचे उदाहरण लिहिले, म्हणून त्याविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण आमच्या भागात विहिरीवर झुकलेल्या बाभळींना लटकणारे खोपे मुलांना प्रत्यक्ष दाखवता येतात.

खोपा नर विणतो. पावसाळ्याच्या सुमारास त्याच्या डोक्यावर आणि छातीवर पिवळा रंग चढतो आणि त्याच काळात तो गवताच्या किंवा उसाच्या पात्याच्या लांब पट्ट्या फाडून आणू लागतो. प्रथम फांदीला घट्ट वेढे, मग लोंबणारे कडे, मग त्याभोवती शिरस्त्राणासारखा अर्धा खोपा, असा क्रम असतो. या अर्धवट अवस्थेत मादी येऊन पाहणी करते. तिने पसंत केला तर नर अंड्यांची खोली आणि खाली उतरणारी नळी पुरी करतो, आणि तिकडे मादी उबवायला बसली की तो दुसरा खोपा सुरू करतो. डॉ. सालिम अली यांनी किहीम येथे केलेल्या निरीक्षणांतून ही पद्धत 1931 मध्ये जगापुढे आली. ऋतू संपल्यावर हाच नर मादीसारखा भुरा दिसू लागतो आणि विणण्याची ओढही ओसरते. हंसीबद्दल वर जे लिहिले आहे, तेच येथेही दिसते : पाती वर्षभर उपलब्ध असतात, पण त्यांच्याकडे पाहून विणावेसे वाटण्यासाठी शरीराच्या आत काही बदल व्हावे लागतात.

येथे मला एक भर घालायची आहे. उपजत म्हणजे पहिल्या दिवसापासून परिपूर्ण, असे मुलांना वाटू देऊ नये. तरुण नरांचे खोपे ढिले आणि ओबडधोबड असतात. निकोलस आणि एल्सी कोलियस या दांपत्याने आफ्रिकेतील विणकर पक्ष्यांवर दीर्घकाळ काम केले. ज्या पिल्लांना विणण्याजोगे साहित्य मिळू दिले नव्हते, ती मोठी झाल्यावर पाती विणण्यात त्याच वयाच्या इतर नरांपेक्षा मागे पडली, असे त्यांना आढळले. विणण्याची ओढ आणि आराखडा जन्मजात आहे, सफाई सरावाने येते. मधमाश्या अन्नाची दिशा आणि अंतर एकमेकींना नृत्यातून कळवतात, त्या नृत्याविषयीही 2023 मध्ये असेच संशोधन प्रसिद्ध झाले. अनुभवी माश्यांचे नृत्य पाहण्याची संधी न मिळालेल्या माश्या नृत्य करतात, पण त्यांच्या नृत्यात दिशेच्या आणि अंतराच्या चुका अधिक असतात. दिशेच्या चुका पुढे सुधारतात, अंतराच्या मात्र राहून जातात.

कोकिळेचे उदाहरणही वर्गात जरूर द्यावे. तिचे पिल्लू कावळ्याच्या घरट्यात वाढते, कावळ्यांचाच आवाज ऐकते आणि तरीही मोठे झाल्यावर कोकिळेसारखेच गाते. याउलट युरोपातील चाफिंच हा छोटा पक्षी आपल्या जातीचे गाणे न ऐकता एकटा वाढला तर त्याचे गाणे अपुरे आणि विस्कळीत राहते. पक्ष्यांचे गाणे उपजत की शिकलेले, या प्रश्नाला सर्व पक्ष्यांसाठी एकच उत्तर नाही.

नांदूरमध्यमेश्वरला सहल नेणार असाल तर स्थलांतराविषयीही बोलता येईल. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळचे हे पाणथळ क्षेत्र 2020 मध्ये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आले, आणि या यादीतील महाराष्ट्राचे ते पहिलेच स्थळ होय. हिवाळ्यात तेथे उतरणाऱ्या बदकांना वाट कशी समजते, असे मुले हमखास विचारतात. पेर्डेक या डच अभ्यासकाने नेदरलँड्समध्ये पकडलेले हजारो स्टार्लिंग पक्षी, म्हणजे आपल्याकडे येणाऱ्या भोरड्यांचे युरोपीय नातलग, स्वित्झर्लंडमध्ये नेऊन सोडले. पहिल्यांदाच स्थलांतर करणारी तरुण पाखरे आपल्या नेहमीच्या दिशेने उडत राहिली आणि फ्रान्सच्या दक्षिणेस व स्पेनमध्ये पोहोचली. आधी प्रवास केलेल्या प्रौढ पक्ष्यांनी मात्र दिशा बदलून आपला नेहमीचा हिवाळी प्रदेश गाठला. ठरावीक दिशेने उडण्याची ओढ जन्मजात होती, ठिकाण ओळखून मार्ग दुरुस्त करणे अनुभवातून आले होते. हे काम 1958 मध्ये प्रसिद्ध झाले.

उत्तर : सर्पबचाव_नाशिक

पक्ष्यांविषयी वर आले आहेच, म्हणून थोडक्यात लिहितो. नागाचे पिल्लू अंड्यातून बाहेर पडताच फणा काढू शकते आणि त्याच्या दंशात विषही असते, हे उपजत वर्तनाचे ठळक उदाहरण आहे. दुसरीकडे, मारलेल्या सापाचे धडावेगळे झालेले डोकेही काही काळ चावा घेऊ शकते, आणि तो प्रतिक्षिप्त क्रियेचा परिणाम असतो. द्राक्षबागांत काम करणाऱ्या मंडळींनी मेलेल्या सापाचे तोंड हाताळू नये, ही विनंती मुलांमार्फत घरोघरी पोहोचली तर फार बरे होईल.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद : विज्ञानशिक्षिका_पंचवटी

सर्वांची मनापासून आभारी आहे. हंसीच्या प्रयोगातील दोन घटकांची माहिती मला नव्याने समजली आणि तीच मी फळ्यावर आधी मांडणार आहे. दोन शंका उरल्या आहेत. नवजात बाळाचे दूध ओढणे वैद्यकीय पुस्तकांत प्रतिक्षिप्त क्रिया म्हणून दिलेले असते, परंतु पोट भरल्यावर बाळ ते थांबवते. मग शरीराच्या आतील स्थितीचा निकष येथे कसा लावावा? दुसरी शंका अशी की दिव्याभोवती घिरट्या घालणारे पतंग कोणत्या बाजूला ठेवावेत?

उत्तर : बालरोग_वैद्य

पहिल्या शंकेविषयी लिहितो. बाळाच्या गालाला स्पर्श झाला की ते त्या बाजूला तोंड वळवते, ओठांना आणि टाळूला स्पर्श झाला की ओढू लागते, तळहातावर बोट ठेवले की मूठ आवळते, आणि डोक्याचा आधार एकदम कमी झाला की दोन्ही हात पसरून पुन्हा जवळ आणते. या शेवटच्या प्रतिसादाचे वर्णन अर्न्स्ट मोरो यांनी 1918 मध्ये केले आणि तो आजही त्यांच्याच नावाने ओळखला जातो. बहुतेक बाळांत तो 4 ते 6 महिन्यांपर्यंत मावळतो, कारण तोवर मेंदूचे वरचे भाग परिपक्व होऊन खालच्या केंद्रांवर नियंत्रण ठेवू लागतात. तो वेळेपूर्वी नाहीसा झाला, एकाच बाजूला दिसला किंवा फार काळ टिकला, तर आम्ही चेतासंस्थेची अधिक तपासणी करतो. असे काही आदिम प्रतिसाद मेंदूच्या पुढील भागाला इजा झालेल्या प्रौढांत पुन्हा दिसू लागतात. म्हणजे ते पुसले गेलेले नसतात, फक्त दबलेले असतात.

दूध ओढण्याचा ताल मस्तिष्कस्तंभात तयार होतो आणि त्यावर भुकेचा परिणाम नक्कीच होतो. पोट भरलेले बाळ गालाच्या स्पर्शाला मंद प्रतिसाद देते. तेव्हा हे उदाहरण सीमारेषेवरचे आहे असे विद्यार्थ्यांना उघडपणे सांगावे, हे माझे स्पष्ट मत आहे. आतील स्थितीचा थोडाफार परिणाम अगदी साध्या प्रतिक्षिप्त क्रियेवरही होतो. रुग्णाला दोन्ही हातांची बोटे एकमेकांत अडकवून जोराने ओढायला सांगितले की त्याच वेळी गुडघ्याचा झटका अधिक ठळक येतो, आणि ही युक्ती आम्ही तपासताना रोज वापरतो. तसेच प्रतिक्षिप्त क्रिया कधीच बदलत नाही, हाही समज बरोबर नाही. समुद्री गोगलगाय एप्लिसिया हिच्या अंगाला हलका स्पर्श केला की ती कल्ला आत ओढून घेते, पण तोच निरुपद्रवी स्पर्श पुन्हापुन्हा झाला तर प्रतिसाद कमी होत जातो. या साध्या प्राण्यातील चेतापेशींच्या जोडांत होणारे बदल एरिक कँडेल यांनी उलगडून दाखवले आणि त्यांना 2000 साली नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. त्यामुळे आतील स्थितीचा निकष 'परिणाम होतो की नाही' अशा रूपात न वापरता 'त्या स्थितीवाचून हे वर्तन मुळात सुरूच होते काय' अशा रूपात वापरावा. विणीच्या काळाबाहेर सुगरण खोपा बांधत नाही. उपाशी किंवा जेवलेल्या माणसाचा गुडघा मात्र कमी-अधिक प्रमाणात उडतोच.

उत्तर : प्राणिशास्त्र_निवृत्त

डॉक्टरांनी निकषाची जी दुरुस्ती सुचवली, तिच्याशी मी पूर्ण सहमत आहे आणि मॅडमनी तोच शब्दप्रयोग वर्गात वापरावा.

पतंगांविषयी आता चांगले पुरावे उपलब्ध आहेत. संपूर्ण शरीर उद्दीपनाच्या दिशेने किंवा विरुद्ध दिशेने नेणे याला अनुचलन म्हणतात, आणि पतंग उजेडाकडे आकर्षित होतो असे समजून त्याचे उदाहरण या गटात दिले जात असे. अंड्यातून निघालेली समुद्री कासवाची पिल्ले वाळूवरून उजळ क्षितिजाकडे चालू लागतात, ते याचे खरे उदाहरण होय. वेळासच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्ले सोडताना ते पाहता येते. पतंगाचे मात्र वेगळे निघाले. वेगवान कॅमेऱ्यांच्या साहाय्याने केलेले संशोधन 2024 च्या आरंभी प्रसिद्ध झाले. त्यात असे दिसले की उडणारे अनेक कीटक आपली पाठ सतत अधिक उजेडाच्या बाजूला ठेवतात. मोकळ्यावर रात्रीही आकाश जमिनीपेक्षा उजळ असते, त्यामुळे पाठ उजेडाकडे ठेवली की शरीर सरळ राहते. जवळ दिवा असला तर तोच कीटक पाठ दिव्याकडे कलती करत उडतो आणि त्यामुळे त्याचा मार्ग दिव्याभोवती वळत राहतो. दिवा खाली असेल तर तो उलटा होऊन कोसळतोही. ही अंगस्थिती सांभाळण्याची, क्षणोक्षणी उजेडावर अवलंबून असणारी प्रतिक्रिया आहे, म्हणून माझ्या मते ती प्रतिक्षिप्त क्रियेच्या बाजूला अधिक झुकते. रात्री बाहेर पडून फुलांचा मध शोधणे किंवा मादीच्या गंधाचा माग काढत उडणे हे त्याच पतंगाचे उपजत वर्तन होय.

परीक्षेच्या उत्तरात मुलांनी केवळ व्याख्या लिहू नयेत. दिलेल्या उदाहरणात उद्दीपन मध्येच काढून घेतले तर काय होईल, आणि प्राण्याची आतील स्थिती बदलली तर वर्तन सुरू तरी होईल काय, या दोन प्रश्नांची उत्तरे त्यांनी लिहावीत आणि त्यांवरून आपला निष्कर्ष द्यावा. निष्कर्ष सीमारेषेवरचा निघाला आणि कारणे बरोबर असली, तर पूर्ण गुण द्यावेत, अशी माझी शिफारस आहे.